डावखुरीसमोर बसून

गुरुवारी पाळी संपली की मी हात दोनदा धुते,
तरी अळंबीचा वास नखांच्या कडेला राहतोच.
मोनाहनच्या ग्रंथालयामागे एक खोली आहे,
हीटर, चार खुर्च्या,
आणि अ‍ॅट्रॅक्टा मॅकेना, वय एक्याऐंशी,
चष्मा बुटाच्या नाडीने गळ्यात बांधलेला.

मी काही नवशिकी नाही.
पानेव्हेझिसला आईने सातव्या वर्षी हातात सुई दिली,
साखळी, खांब, अर्धा खांब झोपेतही घालीन.
पण ही गाठ इथली. क्लोन्सची.
बसने अर्ध्या तासावरच्या गावाची.
माझ्या बोटांना तिचा पत्ता ठाऊक नाही.

चार साखळ्या. पाचवा फास बोटभर लांब ओढायचा,
सुई त्याच्या खालून नेऊन दोरा घ्यायचा,
वर आणायची, वरूनही घ्यायचा,
पुन्हा खालून. पुन्हा वरून.
दहा वेढे झाले की दोरा एका झटक्यात
सगळ्यांमधून बाहेर.
सांगायला एवढंच.

आणि ती डावखुरी.
शेजारी बसून पाहिलं तर सगळं उलटं,
म्हणून म्हणाली, समोर बस, गुडघ्याला गुडघा,
आरशात बघते आहेस असं समज.
मी आरशात पाहिलं.
आरशाच्या हनुवटीवर तीन पांढरे केस होते
आणि आरसा पेपरमिंट चघळत होता.

पहिल्या गुरुवारी सुईचं नाक सातव्या वेढ्यात अडकलं.
दुसऱ्या गुरुवारीही सातव्यातच.
तिसऱ्या गुरुवारी दोरा तुटला आणि मी
माझ्या भाषेत असं काही बोलले
की बरं झालं, तिला कळलं नाही.
कळलं असावं. तिने पेपरमिंट पुढे केलं.

शेडमध्ये भिंतीवर फळा आहे.
युर्गिता, तासाला एकतीस किलो.
खाली कोणाचे अठ्ठावीस, कोणाचे चोवीस.
इथे तासात एक गाठ, तीही नाही.
मी हे तिला सांगितलं, हसण्यासाठी.
ती हसली नाही.
म्हणाली, माझ्या मावशीला, ब्रिजीला,
डझनावर पैसे मिळायचे.
कॉलर न्यायला माणूस शुक्रवारी यायचा,
डाग दिसला की पैसे कापायचा.
म्हातारपणी तिला दारातलं माणूस
आवाजावरूनच ओळखावं लागे.
मग मांडीवरचा गुंता सोडवत, खाली बघूनच,
आपल्याला कोण विचारतंय? उसव. परत घाल.

मी उसवलं.
वेढे मोजते ते नेहमी आईच्या भाषेत, पुटपुटत,
व्येनास, दू, त्रीस, केतुरी,
मोजणी काही केल्या दुसऱ्या भाषेत जात नाही.
चौथ्या गुरुवारी ऐकते तर समोरून पण,
व्येनास, दू, त्रीस,
चुकीच्या सुरात, पेपरमिंट गालात सारून,
केतुरीचं तिने काहीतरी वेगळंच केलं,
पाचाला थांबली, माझ्याकडे पाहिलं.
पेन्की, मी म्हटलं.
पेन्की, ती म्हणाली.
तिची डावी सुई खाली, माझी उजवी खाली,
शेशी,
सेप्तीनी.
सातवा गेला.
आश्तुओनी, देवीनी, देशिम्त.
मी श्वास धरून ओढलं.

सुरवंटासारखी होती. एका बाजूने जाड, दुसरीकडे रोड.
तिने ती अंगठ्याखाली दाबून पाहिली,
वाटाणा पिकला का बघतात तशी,
आणि म्हणाली, धरेल.

दुसरी बिघडली.
बस साडेआठची होती, मी नऊची घेतली.

सकाळी शेडमध्ये, तिसऱ्या फळीवर,
टोपीला धरून पिरगाळायचं, देठ कापायचा, ठेवायचं,
नेहमीसारखंच.
पण मनगट मध्येच खालून वर, वरून खाली,
मोकळ्या हवेत कोणाला तरी वेढे घालत होतं.
रोमास म्हणाला, हात दुखतोय का?
सत्तावीस किलो झाले त्या तासाला.
मी म्हटलं, नाही.